भावाची शुगर

माझ्या भावाला शुगर कधीच नव्हती. ती मी लावली त्याला. प्लास्टिकच्या एका पांढऱ्या डबीवर निळ्या पेनाने मी 'शुगर' असं लिहिलं आणि खाली 'सकाळी १, रात्री जेवल्यावर १'. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून माझं अक्षर असं वळणदार झालंय, की वाचणाऱ्याला ते खरंच वाटतं.

हे आता लिहितेय ते त्यानेच सांगितलं म्हणून. "नावं नको टाकू बाय," म्हणाला, "पण बाकी काही गाळू नको. तुला गाळायची सवय आहे." आमच्यात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, आणि तोंडाने फटकळ. पूर्वी असा टोमणा मारला असता तर मी त्याला तिथल्या तिथे झाडला असता. आता ऐकून घेते.

माझं माहेर काल्हेरचं. सासर भिवंडी शहरात, कापडाच्या लूमच्या गल्लीत, आणि तिथेच माझी अंगणवाडी. माहेरची भातशेती केव्हाच गोडाऊनखाली गेली आणि भाऊ त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर लागला. बाप ज्या खाचरात गुडघाभर चिखलात उभा असायचा, तिथे हा गळ्यात ओळखपत्र घालून ट्रक आत घ्यायचा. बाप तोवर गेला होता. घरात आई आणि तो, दोघंच. आम्हाला काय कौतुक त्याचं!

सव्विसाव्या वर्षी त्याला ते सुरू झालं. आधी झोप उडाली. मग म्हणायला लागला की फोर्कलिफ्टवाले फोनवर माझ्याबद्दल बोलतात. जेवता जेवता मध्येच हात थांबवून कान द्यायचा, कुणी हाक मारल्यासारखा. एकदा बाथरूमला आतून कडी घालून बसला तो चार तास बाहेर येईना. आई दारासमोर नारळ ओवाळत बसली होती. "काय न्हाय झाला त्याला," ती मला म्हणाली, "नजर लागलीय. सायब झाला ना, लोकांच्या डोल्यात आला." भगत झाला, लिंबं झाली, काळा दोरा झाला. शेवटी मी आईशी कडकडून भांडले, रिक्षा बोलावली आणि त्याला घेऊन ठाण्याला गेले, मानसोपचाराच्या डॉक्टरकडे. तेवढी एक गोष्ट मी बरोबर केली, आणि पुढची सगळी वर्षं त्या एका गोष्टीवर मान ताठ ठेवून फिरले.

ठाण्याचं आमच्याकडे एक आहे. कुणी जरा वेडंवाकडं वागलं की लोक म्हणतात, "ह्याला ठाण्याला न्या." ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे शेंबडं पोरही सांगेल. एरवी आम्ही साड्यांना ठाण्याला जातो, सोन्याला जातो, पावभाजी खायलासुद्धा जातो. खाडी ओलांडली की ठाणं. पण भाऊ बरोबर असला की आई ओटीवर उभी राहून शेजारणीला ऐकू जाईल असं ओरडायची, "कल्यानला जाऊन येतो गं!" आणि रिक्षा निघायची बरोबर उलट दिशेला. भाऊ रिक्षात बसून खोखो हसायचा. बरं वाटायला लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट.

कारण गोळ्या लागू पडल्या. दोन महिन्यांत झोप आली, सहा महिन्यांत तो हसायला लागला, वर्षाच्या आत परत ड्युटीवर रुजू झाला. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि लग्न ठरवाल तेव्हा मुलीला आधी सांगा. 'आधी' म्हणताना त्यांनी टेबलावर बोट आपटलं होतं. मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय?

शुगर मला का सुचली, तर आमच्याकडे ती घरोघर आहे. जमिनी गेल्या, पाय चालायचे थांबले, माणसं गाड्यांतून फिरायला लागली. आता हळदीला जा, लग्नाला जा, जेवायच्या आधी निम्म्या पाहुण्यांचे खिसे चाचपणं सुरू होतं, कुणाची गोळी, कुणाचं इंजेक्शन. शुगर म्हणजे खात्यापित्या घरचं दुखणं. त्याला कुणी नाक मुरडत नाही, उलट चार उपाय सांगतात आणि आपलीही शुगर किती ते सांगून जातात. भाऊ गोळ्या घेताना आत्याने बघितलं आणि विचारलं, "कसल्या रे गोल्या?" मी पटकन म्हणाले, "शुगर." आत्या म्हणाली, "एवढ्या लवकर? कमी खा जरा भात." झालं. एका शब्दात सुटलो. त्याच दिवशी मी गोळ्या पाकिटांतून काढून डबीत भरल्या आणि वर नाव घातलं.

मग लग्नाचं निघालं. मुलगी दिघाशीची. बारावी झालेली, बोलायला मऊ, कामाला चपळ. भावाला बघताक्षणी आवडली. बघून परत येताना गाडीत तो मला म्हणाला, "बाय, तिला सांगूया."

"सांगू की. आधी लग्न तर होऊ दे. जीव बसला तुझ्यावर की सांगू."

"आणि नाही बसला तर?"

"गप रे! तुझ्यावर नाही बसणार तर कुणावर, माझ्या नवऱ्यावर?"

तो हसला. मी असं काही बोलले की तो हसायचा आणि विषय संपायचा. माझं फटकळ तोंड मी असंच वापरत आले. पण त्या दिवशी हसून झाल्यावर तो काल्हेर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता, आणि ते मी पाहिलं होतं.

तिचे वडील चौकशीला माझ्याकडे अंगणवाडीत आले. आमच्यात पोराची चौकशी पानवाल्याकडे होते, गोडाऊनच्या वॉचमनकडे होते. पण ते म्हणाले, "तुम्ही लोकांच्या पोराबालांचं बघता. तुमचा शब्द म्हंजे शब्द. पोराला काय येसन, काय दुखणं असंल तर सांगा." साधा माणूस, टोपी हातात घेऊन मुलांच्या छोट्या खुर्चीवर अवघडून बसलेला. मी म्हणाले, "दारू नाही, गुटखा नाही. थोडी शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. लपवून कशाला ठेवायचं? उद्या तुम्हाला बाहेरून कळायला नको."

त्यांनी हात जोडले. "असं तोंडावर सांगनारी मानसं न्हाय राह्यली आता," म्हणाले. आणि मला, देवाशप्पथ, त्या क्षणी खरंच आपण काहीतरी सरळ वागलो असं वाटलं. वरून त्यांना चहासुद्धा पाजला.

लग्न झालं. भावजय घरात आली आणि तिने त्या डबीचा ताबा घेतला. मोबाईलला गजर लावला. सकाळी एक, रात्री जेवल्यावर एक. पाणी हातात, गोळी तळहातावर, तो गिळेपर्यंत समोर उभी. मी वीस वर्षं गल्लीतल्या बायकांना लोहाच्या गोळ्या वाटतेय, निम्म्या त्या गादीखाली टाकतात. इतक्या नेमाने गोळी घेताना मी कुणाला पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, "छान चाललंय, मिसेसना घेऊन या एकदा." आम्ही पुढच्या वेळी आणू म्हणालो. भाऊ रस्त्यात म्हणायचा, "सांगू या का आता? जीव बसलाय." मी म्हणायचे, "एवढं चांगलं चाललंय, कशाला खडा टाकायचा?"

आणि तिने नुसत्या गोळ्या नाही दिल्या. तिने शुगर मनावर घेतली. तांदळाच्या भाकरीवर वाढलेला माझा भाऊ, त्याच्या ताटात नाचणीची भाकरी आली. चहातली साखर गेली. सकाळी खाडीच्या रस्त्याने चालायला नेऊ लागली. आणि रोज अनशापोटी पेलाभर कारल्याचा रस. अकरा महिने! नसलेल्या आजारासाठी माझा भाऊ अकरा महिने कारल्याचा रस प्यायला आणि एकदाही नको म्हणाला नाही. एकदा मी माहेरी होते. माझ्याकडे बघत त्याने एका दमात पेला रिकामा केला आणि म्हणाला, "बाय, तू पण घे. आपल्या घराण्यातच आहे शुगर." मला हसू फुटलं. भावजय म्हणाली, "हसता काय ताई? खरंच तपासून घ्या एकदा." आम्ही दोघं बहीणभाऊ तिच्यासमोर तिला हसत होतो आणि तिला वाटत होतं आपणही त्या हसण्यात आहोत.

गावात मोफत तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा ती त्याला घेऊन गेली. रक्त तपासलं. अनशापोटीची नॉर्मल, जेवल्यावरची नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांना तिने विचारलं, यांची शुगरची गोळी चालू ठेवायची का? त्यांनी कागद बघून सांगितलं, यांना शुगरच्या गोळीची काही गरजच नाही. खरंच तर होतं.

मला फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढत होते. दोन्ही बाजूला लूमची खटखट, फोनवर ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही.

"ताई, यांची शुगर गेली!"

"काय गेलं?"

"शुगर! नॉर्मल आली! गोल्या बंद केल्या मी!"

मी मोठ्याने "शुगर गेली?" असं ओरडले असणार, कारण मुलांना न्यायला आलेल्या बायका माझ्याकडे वळल्या. "भाई की शुगर ठीक हो गई? मुबारक हो मॅडम!" एकीने तर पदर पसरून वर बघितलं. माझ्या हातात खिचडीचा डाव तसाच. कानात भावजयीचा आवाज, अगदी भरून आलेला, "ताई, तुम्ही लगनाआधी खरं सांगितलात म्हनून मला करता आलं हे सगलं."

मी म्हणाले, "बरं केलंस गं."

तीन शब्द. त्याच्याऐवजी दुसरे तीन बोलता आले असते. 'बंद करू नको' हेही तीनच होतात.

संध्याकाळी मी भावाला एकट्याला फोन लावला. डॉक्टरांकडून नवीन गोळ्या आण, गोडाऊनमध्ये ड्रॉवरमध्ये ठेव आणि गुपचूप घे, म्हटलं. तो म्हणाला, "बाय, ती पेढे वाटतेय. मला पण वाटतंय, गेलं असेल." काय गेलं असेल, ते मी विचारलं नाही. घे हां, शपथ आहे तुला माझी, एवढं म्हणून फोन ठेवला. त्याने पंधरा दिवस घेतल्या. मग एक चुकली, मग दोन. आधी समोर उभं राहून गिळायला लावणारी बायको होती. आता त्याच बायकोपासून लपवायच्या होत्या.

दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी तो ड्युटीला म्हणून निघाला आणि गोडाऊनला पोहोचलाच नाही. दुपारी त्याच्या फोनवरून एका बाईचा मला फोन आला. अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांपाशी ती नारळ-फुलं विकत होती. "तुमचा माणूस सकाळपासून पाण्यात पाय सोडून बसलाय. पाय भाजलेत, तरी काढत नाही." मी आणि भावजय रिक्षा करून धावलो. तो पायरीवर बसला होता. पाय लाल, फोडांनी भरलेले. मला बघून म्हणाला, "बाय, पाय गरम असले की त्यांचे आवाज कमी येतात." शांतपणे म्हणाला, जणू मला एखादा उपाय सांगतोय.

येताना रिक्षात भावजयीने त्याचे पाय मांडीवर घेतले होते आणि ओल्या रुमालाने वारा घालत होती. आणि रडत होती. "मी गोल्या बंद केल्या ताई. माझ्यामुलं झालं. शुगर डोक्यात चढली त्यांच्या." मी तिचे डोळे माझ्या पदराने पुसले. "रडू नको," म्हणाले. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? भाऊ शेजारी तसा बसलेला, रिक्षावाला कान टवकारून. घरी गेल्यावर सांगू, म्हटलं मनात.

घरी आई होती. आईने सगळं ऐकलं, त्याचे पाय बघितले आणि सुनेकडे वळून म्हणाली, "माझा पोरगा बरा होता. हिनं घालवला त्याला." आई खोटं बोलत होती असंही मी म्हणू शकत नाही. तिने स्वतःला इतकी वर्षं इतक्यांदा शुगर सांगितली होती की तिचा विश्वास बसला असावा.

ठाण्याला डॉक्टरकडे मी आणि आई त्याला घेऊन गेलो. भावजय चप्पल घालून तयार उभी होती. मी तिला म्हणाले, "तू थांब घरी. शुगरचे मोठे डॉक्टर आहेत, गर्दी असते." तिने चप्पल काढून ठेवली. डॉक्टरांनी गोळ्या परत चालू केल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, "घरी सांगितलं नाहीत ना?" मी तिथेही मान हलवली.

असे बारा दिवस गेले. मी रजा टाकून माहेरीच राहिले होते. बारा दिवस ती बाई त्या घरात चोरासारखी वावरली. शेजारणी यायच्या, आई त्यांना सांगायची की सुनेने पोराच्या गोळ्या बंद केल्या, अतिशहाणी. ती आत भांडी घासत ऐकायची. धड जेवेना. नवऱ्याच्या पायाला मलम लावताना त्याची माफी मागायची. तो गोळ्यांच्या गुंगीत होता, त्याला निम्मं समजत नव्हतं. एकदा स्वयंपाकघरात तिने माझा हात धरला. "ताई, तुम्ही अंगनवाडीच्या बाई, तुम्हाला ह्यातलं कलतं. शुगरची गोली बंद केली की असं होतं का? खरं सांगा, माझ्यामुलंच ना?"

मी म्हणाले, "होतं असं कधीकधी."

ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. भावालाही नाही. गाळू नको म्हणालास ना? हे घे.

बाराव्या दिवशी तिचे वडील आले. आईनेच बोलावून घेतलं होतं, पोरीला काही दिवस घेऊन जा म्हणून. बाहेरच्या खोलीत आई, आत्या, भावकीतले दोघं. मी चहाचा ट्रे घेऊन गेले तर ते उभे होते, टोपी हातात, मान खाली. "पोरीची चूक झाली," ते म्हणत होते, "अडानी हाय. तुम्ही लगनाआधी सगलं सांगितलं व्हतं, तरी तिनं…" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्यापुढेही हात जोडले. "बाई, तुमच्या शब्दाला आम्ही न्हाय जागलो."

आता तुम्हाला वाटेल मी तिथे बोलले. नाही बोलले. ट्रे टेबलावर ठेवला आणि परत आत वळले. आतल्या दाराशी भाऊ उभा होता. पायाला बँडेज, भिंतीला धरून. त्याने सगळं ऐकलं होतं. मला बाजूला सारून तो बाहेर गेला, टाचांवर चालत, आणि सासऱ्यांसमोर खाली बसला. उभं राहवत नव्हतं त्याला.

"मामा," म्हणाला, "मला शुगर नाही. कधीच नव्हती. मला मनाचा आजार आहे. मला आवाज ऐकू येतात, नसलेले. सहा वर्षं झाली. त्या गोळ्या त्याच्या होत्या. तिला कुणी सांगितलं नाही. मी पण नाही सांगितलं."

आई म्हणाली, "आरं गुंगीत हाय तो!"

"गुंगीत आहे," तो म्हणाला, "पण शुद्धीवर आहे." आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून, जिथे त्याची बायको उभी होती, "तू काही चुकली नाहीस. चुकलो आम्ही."

माझं नाव त्याने घेतलं नाही. तेवढ्यातही त्याने मला वाचवलं. मी मात्र बारा दिवसांत तिला वाचवलं नव्हतं.

भावजय रडली नाही, भांडली नाही. आत गेली, दोन साड्या पिशवीत भरल्या आणि वडिलांबरोबर निघाली. दारात नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आजची रातची गोली घ्या." माझ्याकडे बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी मी दिघाशीला गेले. एकटी. भाऊ आता बरा होता, पण त्याने फोन केला तर ती नुसतं 'गोली घेतली?' एवढंच विचारायची. अंगणात ती वाल सोलत बसली होती. मला बघून उठली, पाणी आणून दिलं आणि परत बसली. मीही समोर बसले आणि वाल हातात घेतले, तर म्हणाली, "राहू द्या, मी करते."

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांचं बोट, डबी, तिच्या वडिलांना पाजलेला चहा, ठाण्याला तिला का नेलं नाही, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आधी सांगितला असतात तर मी हो बोलले असते का न्हाय, मला ठाव न्हाय. बोललेही असते. मला आवडले व्हते ते. पन आता ते मला कधीच कलनार न्हाय. ते तुम्ही माझ्याकडनं घेतलात."

"मला माफ कर," मी म्हणाले.

"करीन," ती म्हणाली. "पन एक इचारते. ते बारा दिवस मी रडायचे आन् तुम्ही माझे डोले पुसायचात. तवा तुमच्या मनात काय असायचं?"

वाईट वाटायचं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण तिने विचारलं होतं ते हे नव्हे, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

"सुटल्यासारखं वाटायचं," मी म्हणाले. "तू स्वतःला दोष देत होतीस, म्हणजे मला कुणी काही विचारणार नव्हतं."

तिने उरलेले वाल सोलून संपवले, सालं गोळा केली, पदर झटकला.

"त्यांना सांगा, मी सोमवारी येते," ती म्हणाली. "आता डाक्टरकडं मी जाईन त्यांच्यासंगती."

मला इतकं भरून आलं की मी तिचे हात धरायला गेले. सोमवारी मी येते, तुझ्या आवडीचं करते, असं काहीतरी बडबडत होते. तिने हात मागे घेतले. रागाने नाही, हळूच.

"तुम्ही नका येऊ सोमवारी. मी बोलवीन तवा या."

ती सोमवारी काल्हेरला गेली. भाऊ मला भेटायला भिवंडीला येतो, आईही येते. भाऊ सांगतो, आता कुणी विचारलं तर भावजय सरळ सांगते, यांना मनाचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, ठाण्याला दाखवतो. ऐकणारा मग आवाज उतरवून आपल्या घरातल्या कुणाचं तरी सांगायला लागतो. हे सांगताना त्याला अभिमान वाटतो, मला दिसतं. मग तो उठतो, घरी काही सांगायचंय का विचारतो, मी नाही म्हणते.

दोन वर्षं झाली. तिने अजून बोलावलेलं नाही.